लाभ

तुर्भ्याच्या मसाला बाजारात बाबा मापाडी होते.
पहिल्या पोत्याला कधी एक म्हणायचे नाहीत.
लाभ, म्हणायचे.
लाभ, लाभ, लाभ, पोतं काट्यावरून उतरेपर्यंत लाभ,
मग दोन, दोन, दोन.
गाळ्याच्या टोकाला ट्रकवाला झोपलेला असे,
चौदाव्या पोत्याला तोही कूस बदलायचा.

मला तो आवाज मिळाला नाही.
मला मिळाली एमएस्सी, महाप्याच्या लॅबमधली खुर्ची,
मिरचीतला ओलावा मोजणारं एक यंत्र,
आणि गुरुवारी अकरा वाजता
कॉन्फरन्स रूममध्ये पंधरा मिनिटं.
विषय: सव्वीस नंबरचा लॉट परत का आला.

टिपणीस मॅडमचं ट्रेनिंग आधीच झालं होतं.
हात खिशात नको, म्हणाल्या, पाठीमागे नको,
छातीवर घडी तर मुळीच नको.
आम्ही बावीस जण
चव्वेचाळीस हात घेऊन उभे होतो.
वाक्य संपलं की थांबा.
भीती वाटली तर मागच्या भिंतीशी बोला.
मी सगळं हिरव्या पेनानं लिहून घेतलं
आणि वही त्या ड्रॉवरमध्ये ठेवली
जिथे वापरून झालेले फिल्टर पेपर असतात.

सुहैल मुकादम म्हणाला, वही काय बोलणार? तू बोल.
जेवणाच्या सुट्टीत, सॅम्पल रूममध्ये,
तो स्टुलावर बसला पेन्सिल घेऊन.
माझ्या एकेका 'म्हणजे'ला एक रेघ.
एक्केचाळीस.
'बेसिकली' मोजायचे नाहीत असं ठरलं.
बुधवारपर्यंत एकोणीसवर आले मी,
पण 'म्हणजे' काढल्यावर मध्ये जी जागा उरली
तिच्यात उभं राहणं जास्त अवघड होतं.

रात्री कोपरखैरण्याला, घरी,
ओट्याकडे तोंड करून सगळं म्हणून पाहिलं.
कुकर ऐकत होता. बाबाही.
त्यांचा घसा आता कायमचा बसलाय,
पस्तीस वर्षांची मिरचीची धूळ.
कसं वाटलं, विचारलं.
इंग्रजी कळलं नाही, म्हणाले,
पण पोतं उतरायच्या आधीच तू पुढचा आकडा घेतेस.
गिऱ्हाईक बिचकतं.
मी चिडले. ते काट्यावरचं झालं, हे वेगळं असतं.
बरं, म्हणाले,
आणि बडीशेप चघळत बसले.

सहावी स्लाइड.
ओलावा साडेतेरा टक्के, मी म्हटलं,
आणि पुढचं वाक्य गेलं.
भिंतीवर नव्हतं, स्लाइडवर नव्हतं.
वेंकटेशन सरांनी घड्याळाकडे नाही,
माझ्याकडे पाहिलं. ते जास्त वाईट.
एसी तेवढा बोलत होता.
हात, मॅडम, हात कुठे?
एक टेबलावर होता. टेबल गार होतं.
मोजणी चुकली की बाबा
पोत्यावर असाच हात ठेवायचे
आणि तोच आकडा परत म्हणायचे.
हमाल थांबायचे, व्यापारी थांबायचा,
हसायचं कोणी नाही.

साडेतेरा, मी म्हटलं.
साडेतेरा. आपली हद्द अकराची.
आणि गोदामाचा पत्रा गळतोय,
हे मी मार्चमध्ये लिहून कळवलं होतं.
हे शेवटचं वाक्य
मी कुठल्याच तालमीत म्हटलं नव्हतं.

मग प्रश्न आले. एकाचं उत्तर आलं मला,
दुसऱ्याला, उद्या बघून सांगते, म्हटलं.
सुहैलनं दाराच्या काचेतून बोटं दाखवली,
सात होती की आठ, दिसलं नाही.
गोदामाचे साहेब लिफ्टमध्ये
आकडे बदलताना बघत राहिले, तळमजल्यापर्यंत.

बाबांनी एवढंच विचारलं, पत्र्याचं काय झालं?
काही नाही.
पुढच्या गुरुवारी पुन्हा पंधरा मिनिटं मागून घेतलीत.
स्लाइड एकच करणार आहे, पत्र्याचा फोटो.
पहिलं वाक्य अजून ठरत नाही.
त्याच्या आधीचा शब्द ठरलाय,
तो कोणाला ऐकू जाणार नाही.